‘पीत होते का हो?’ : लिव्हरच्या कॅन्सरच्या शोधाची गोष्ट

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही, एकही राजा नाही. आज एका आजाराचा इतिहास सांगणार आहे, आणि तो का सांगायचा हे आधी सांगते.

माझे थोरले मामा सांगोला तालुक्यात शेती करायचे. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पायी वारी, एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी. दारूचं सोडाच, पानसुपारीसुद्धा नाही. २०२२ साली त्यांचं पोट फुगायला लागलं आणि वजन उतरायला लागलं. सोलापूरला सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन, आणि निदान आलं लिव्हरच्या कॅन्सरचं. वय ५४. चार महिन्यांत मामा गेले.

दहाव्याला आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या बाबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "चोरून पीत होते का हो?" हळूच म्हणजे मामींना ऐकू जाईल इतकं हळू.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एखादी सिस्टिम पडली की पहिला नियम हा, की आधी लॉग बघायचे आणि दोष कुणाला द्यायचा हे नंतर ठरवायचं. म्हणून मी या आजाराचे लॉग वाचायला बसले. त्यात जे सापडलं तो आजचा भाग.

सुरुवात करू जर्मनीतल्या ब्रेमेन शहरापासून. साल १८८३. तिथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात कामगारांना देवीची लस टोचली. तेव्हा लस म्हणजे माणसाच्या फोडातली लस, एकाच्या अंगातून काढून दुसऱ्याच्या अंगात. १,२८९ जणांना ती टोचली आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातल्या १९१ जणांना कावीळ झाली. ल्युरमान नावाच्या डॉक्टरांनी बारकाईने नोंदी काढल्या. त्याच कारखान्यातल्या ज्यांना वेगळ्या साठ्यातली लस टोचली होती, ते ठणठणीत होते. जेवण तेच, पाणी तेच, काम तेच. फरक फक्त सुईतून काय गेलं एवढाच. १८८५ साली त्यांनी हे छापलं. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची ही पहिली नीट नोंद मानली जाते.

आता आपल्याकडची काविळीची समजूत आठवा. गावात काविळीची माळ घालणारा कुणीतरी असतोच. माळ जसजशी लांब होते तसतशी कावीळ उतरते म्हणतात. कुणी नाकात थेंब घालतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवून देतं. हे चालतं कसं? तर दूषित पाण्यातून येणारी जी कावीळ आहे, हिपॅटायटिस ए आणि ई, ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला मिळतं. पण ब्रेमेनची कावीळ ही वेगळी होती. तिचा विषाणू काही माणसांच्या अंगात मुक्काम ठोकतो आणि वर्षानुवर्षं आवाजही करत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, माळ घालावी असंही काही वाटत नाही.

ब्रेमेनचा धडा जगाने मनावर घेतला नाही. १९४२ साली अमेरिकेने आपल्या सैनिकांना पिवळ्या तापाची लस दिली. ती टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातला द्रव मिसळलेला होता. सुमारे ५० हजार सैनिकांना कावीळ झाली. विषाणू अंगात शिरला पण कावीळ दिसली नाही, असे धरले तर आकडा तीन लाखांच्या वर जातो, असा अंदाज पुढे निघाला. आणि तरीही हा विषाणू कुणी पाहिला नव्हता.

तो सापडला, पण शोधणारा माणूस लिव्हरच्या मागे नव्हताच. बरूक ब्लूमबर्ग, जन्म न्यूयॉर्कचा, पदवी फिजिक्सची, नंतर डॉक्टर झालेला. त्याला प्रश्न पडला होता की एकाच आजाराने एक माणूस पडतो आणि दुसरा उभा राहतो, तो कशामुळे? रक्तात आनुवंशिक फरक असतील का? म्हणून तो जगभरातल्या माणसांच्या रक्ताचे नमुने गोळा करत होता. तपासायची पद्धत अशी. एका जेलीच्या पातळ थरात दोन छोटे खड्डे करायचे. एकात अशा रुग्णाच्या रक्ताचा अंश ठेवायचा, ज्याला अनेकदा दुसऱ्यांचं रक्त चढवलं आहे, म्हणजे ज्याच्या शरीराने बऱ्याच परक्या गोष्टींविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आहेत. दुसऱ्यात जगातल्या कुठल्याही माणसाचा. दोन्ही एकमेकांकडे पसरतात, आणि जुळणी झाली तर मध्ये एक रेघ उमटते.

१९६३ साली अशी एक रेघ उमटली. एका बाजूला न्यूयॉर्कचा हिमोफिलियाचा रुग्ण, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियातला एक आदिवासी माणूस. हे दोघे कधी भेटले नव्हते, भेटायची शक्यताही नव्हती. त्या अनोळखी पदार्थाला नाव पडलं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. १९६५ साली ते छापून आलं, पण हे आहे काय, हे तेव्हा ब्लूमबर्गलाही कळलं नव्हतं. ते रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांत जास्त दिसत होतं, म्हणून त्याचा ल्युकेमियाशी संबंध असेल असं वाटलं. मग डाऊन सिंड्रोमच्या रुग्णांत सापडलं, म्हणून वाटलं की हे जन्मजातच असावं.

ही समजूत मोडली ती १९६६ साली. आधी ज्याच्या रक्तात तो अँटिजेन नव्हता अशा एका रुग्णाच्या रक्तात तो अचानक दिसला. जन्मजात गोष्ट मधेच उगवत नाही. मधल्या काळात त्या रुग्णाला काय झालं होतं? लिव्हरला सूज. पुढच्या वर्षी ब्लूमबर्गच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बार्बरा वर्नर यांना बरं वाटेना. त्यांनी स्वतःचंच रक्त तपासलं. आधी कोरा असलेला नमुना, आणि आता तिथे पुसट रेघ. पाठोपाठ कावीळ आली. या चाचणीने ओळखलेली ही हिपॅटायटिसची पहिली केस. त्या बऱ्या झाल्या. आणि ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचं बाहेरचं कवच, हे हळूहळू पक्कं झालं. ब्लूमबर्गला १९७६ साली नोबेल मिळालं. आज आपल्या रिपोर्टवर ‘एचबीएसएजी’ असं जे छापून येतं ना, ती हीच रेघ.

पण कावीळ वेगळी आणि कॅन्सर वेगळा. या दोघांना जोडलं ते तैवानमध्ये. पामर बीस्ली नावाचे अमेरिकन डॉक्टर तिथे काम करत होते. लिव्हरच्या कॅन्सरच्या रुग्णांत हा विषाणू जास्त दिसतो हे लोकांना कळलं होतं. पण कुणीही म्हणू शकत होतं की आधी कॅन्सर झाला, शरीर कमजोर पडलं आणि म्हणून विषाणू शिरला. कारण कुठलं आणि परिणाम कुठला? हे सोडवायचा एकच मार्ग. धडधाकट माणसं घ्या, आज कुणात विषाणू आहे ते लिहून ठेवा, आणि वाट बघा.

१९७५ पासून बीस्लींनी तैवानच्या २२,७०७ पुरुष सरकारी नोकरांची नोंद केली. सरकारी नोकरच का? कारण त्यांचा विमा होता, दवाखान्याच्या नोंदी होत्या, कोण कशाने गेलं हे कागदावर सापडत होतं. त्यातले ३,४५४ जण वाहक होते, म्हणजे विषाणू अंगात, पण त्रास काही नाही. १९८१ साली निकाल छापून आला. लिव्हरच्या कॅन्सरने ४१ जण गेले होते. त्यांतले ४० वाहकांमधले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद केला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. ४१ पैकी ४०. वाहकांचा धोका इतरांच्या २२३ पट निघाला.

आणि वाहक होतात कोण? इथे तैवानच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली. विषाणू मोठेपणी शिरला तर बहुतेक सगळ्यांचं शरीर त्याला बाहेर काढतं. १९४२ चे ते सैनिक बहुतेक असेच सुटले. पण तो बाळंतपणात आईकडून बाळाला गेला, तर १० पैकी ९ बाळांमध्ये तो आयुष्यभरासाठी राहतो. म्हणजे पन्नाशीत दिसणाऱ्या कॅन्सरची पहिली ओळ जन्माच्या दिवशी लिहिलेली असू शकते. माणसाने त्यानंतर किती एकादश्या केल्या याच्याशी तिचा संबंध नसतो.

उपाय काय? ब्लूमबर्ग आणि त्यांचे सहकारी अर्व्हिंग मिलमन यांनी १९६९ मध्येच लशीची पद्धत सुचवली होती. वाहकांच्या रक्तातलं विषाणूचं रिकामं कवच वेगळं काढायचं आणि तेच लस म्हणून द्यायचं. अमेरिकेत १९८१ साली अशी लस मंजूर झाली. १९८६ साली पुढची पायरी आली. कवचाचं जनुक यीस्टमध्ये घालून तिथेच ते तयार करायचं, माणसाच्या रक्ताची गरजच नाही. तैवानने १९८४ च्या जुलैमध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली, आधी वाहक आयांच्या बाळांना आणि मग सगळ्यांना. १९९७ साली निकाल आला. ६ ते १४ वयाच्या मुलांमध्ये लिव्हरच्या कॅन्सरचं प्रमाण दर लाखामागे ०.७० होतं, ते ०.३६ वर आलं. एका लशीने एक कॅन्सर कमी होतो, हे जगाने पहिल्यांदा पाहिलं.

पण थांबा. लॉगमध्ये एकच एरर नव्हती. तैवानहून आता जरा मागे इंग्लंडला जाऊ, आणि तिथून सरळ आपल्या शेजारी येऊ.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. रोग सापडेना, म्हणून त्याला नाव दिलं ‘टर्की एक्स’. शेवटी धागा निघाला खाद्यात. ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड, आणि पेंडीवर बुरशी. बुरशीचं नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस, म्हणून तिच्या विषाचं नाव ॲफ्लाटॉक्सिन. हे विष थेट लिव्हरवर जातं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कॅन्सर होतो हेही लवकरच दिसलं.

मग १९७४. राजस्थानचा बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल, लागून असलेले जिल्हे. भिल्ल आदिवासींची वस्ती, मुख्य अन्न मका. मका काढायच्या वेळेला अवेळी पाऊस झाला, कणसं भिजली आणि तशीच साठवली गेली. दीडशेपेक्षा जास्त गावांत माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी भरू लागलं. घरातलं उरलंसुरलं खाणारी कुत्रीही तशीच मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे कृष्णमाचारी आणि त्यांचे सहकारी तिथे गेले आणि त्यांनी मक्याचे नमुने तपासले. ती माणसं महिनाभर रोज २ ते ६ मिलिग्रॅम ॲफ्लाटॉक्सिन खात असावीत असा हिशेब निघाला. ३९७ जण आजारी पडले, १०६ गेले. भाकरी भाजली तरी हे विष पुरतं जात नाही. आणि बुरशी लागलेला मका फेकून द्यायचा तर दुसरा मका घरात हवा ना.

तो कॅन्सर नव्हता, ती थेट विषबाधा होती. पण हेच विष थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर काय होतं, हे शांघायच्या अभ्यासात दिसलं. १८ हजारांवर पुरुषांच्या लघवीचे आणि रक्ताचे नमुने आधीच साठवून ठेवले होते. १९९४ चा निकाल असा होता. फक्त ॲफ्लाटॉक्सिन असेल तर धोका साधारण ३ पट. फक्त हिपॅटायटिस बी असेल तर ७ पट. दोन्ही एकत्र असतील तर ५९ पट. बेरीज नाही, गुणाकाराच्याही पुढे.

आणि हे होतं कसं, त्याचा ठसाही सापडला होता. पेशी बिघडली तर तिला थांबवणारं पी-५३ नावाचं एक जनुक आहे. ॲफ्लाटॉक्सिन त्यातल्या २४९ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदलतं, ‘जी’चं ‘टी’ करतं. चीन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या गाठींत १९९१ साली नेमका हाच बदल पुन्हा पुन्हा दिसला. एका अक्षराच्या चुकीने आमची सिस्टिम रात्री दोन वाजता पडलेली मी पाहिली आहे. तीन अब्ज अक्षरांत एक टायपो, तीही ओल्या मक्यामुळे.

तर मग दारूचं काय? मंडळी, दारू निर्दोष आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच तिला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलंय, आणि त्यात लिव्हरचा कॅन्सर आहे. बिडी-सिगारेटचाही वाटा आहे. आणि अंगात बी किंवा सी विषाणू असताना दारू म्हणजे आगीत तेल. पण दारू हे एक कारण आहे, एकमेव नाही. आपण ते एकमेव करून ठेवलं.

आपणच नाही, डॉक्टरांनीसुद्धा. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी २० रुग्णांची नोंद छापली. लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर दारू पिणाऱ्याचा वाटावा असा. पण ही माणसं पीत नव्हती. त्यांतल्या बहुतेकांचं वजन जास्त होतं, अनेकांना मधुमेह होता. या आजाराला तोपर्यंत नावच नव्हतं. आणि नाव नसेपर्यंत "मी पीत नाही" या उत्तराकडे कसं बघितलं जात असेल, याची कल्पना करा. पुढे जे नाव रूढ झालं त्यातही ‘नॉन-अल्कोहोलिक’ हा शब्द होता. म्हणजे आजाराचं नावसुद्धा त्या दहाव्याच्या गृहस्थांना उत्तर देत होतं, की नाही हो, पीत नव्हते. २०२३ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी ते नाव बदललं आणि त्यात चयापचयाचा उल्लेख आणला, म्हणजे साखर, चरबी आणि वजनाचा. हीच आपली फॅटी लिव्हर. आमच्या टीममधल्या आठ जणांपैकी पाच जणांच्या कंपनीच्या चेकअपमध्ये ‘ग्रेड वन’ लिहून आलंय. सगळे हसतात, ग्रुपवर मीम टाकतात आणि रात्री अकराला बिर्याणी मागवतात. त्यात मीही आले. ग्रेड वन म्हणजे कॅन्सर नव्हे, हे खरंच. पण फॅटी लिव्हर, मधुमेह आणि वाढतं वजन यांची साखळी वर्षानुवर्षं तशीच चालू राहिली तर तीही तिकडेच जाते.

आता पुन्हा घरी येते. आपल्या देशात ही लस कधी आली? आयात केलेली लस महाग होती, सामान्य घराला न परवडणारी. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतात बनवलेली लस बाजारात आणली आणि किंमत खाली आली. सरकारी लसीकरणात ती २००२ च्या सुमाराला काही शहरांत आणि जिल्ह्यांत सुरू झाली, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह १० राज्यांत पोचली, आणि २०११ मध्ये देशभर. माझा जन्म १९९७ चा. मामांचा १९६८ चा, म्हणजे ब्लूमबर्गच्या रेघेचा अर्थ जगाला नुकता कुठे लागत होता तेव्हाचा.

मामांच्या फाइलमध्ये तो रिपोर्ट होता. एचबीएसएजी पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, सगळ्या सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या. त्या धावपळीत ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच की "लागट आहे", आणि कुणीतरी मामांचं ताट-तांब्या वेगळं काढलं. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. तो रक्तातून, असुरक्षित सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला पसरतो. शेवटचे चार महिने मामा वेगळ्या ताटात जेवले, विनाकारण.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आईला घेऊन लॅबमध्ये गेले. मामा आणि आई एकाच आईची लेकरं, हे गणित मांडायला बीटेक लागत नाही. आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिला कधीच काही त्रास झालेला नाही. पहिली गोष्ट ती काय बोलली असेल? "कुणाला सांगू नकोस." मग थोड्या वेळाने, "आणि तुझं?"

माझा निगेटिव्ह आला. काही आयांकडून विषाणू बाळाकडे जात नाही. मी त्या नशीबवानांपैकी एक. मी लशीचे तीन डोस घेतले, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. आईची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होते. गाठ आलीच तर ती लहान असतानाच सापडावी, एवढ्यासाठी. मामांना ही संधी मिळाली नाही, कारण त्यांना कधी कुणी तपासून बघा म्हणालंच नाही. माळकरी माणसाचं लिव्हर कशाला कोण तपासेल?

हा भाग प्रसिद्ध करण्याआधी मी आईला विचारलं. ती म्हणाली, "सांग. मामीला बरं वाटेल."

म्हणून जाता जाता चारच गोष्टी. आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस बी आणि सी ची रक्ततपासणी करून घ्या, घरात कुणाला लिव्हरचा आजार असेल तर नक्कीच. सी वर आता काही आठवड्यांच्या गोळ्यांचा कोर्स आहे आणि बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. घरात बाळ येणार असेल तर पहिल्या २४ तासांतली लस चुकवू नका. बुरशी लागलेले, काळे पडलेले शेंगदाणे आणि मका निवडून काढायचा आणि फेकायचा, चटणीत खपवायचा नाही. आणि फॅटी लिव्हरचं हसू थोडं आवरा, मी स्वतःलाही सांगतेय.

२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. तो ब्लूमबर्गचा वाढदिवस. यंदा त्या दिवशी मी सांगोल्याला जाणार आहे, मामेभावंडांना घेऊन लॅबमध्ये. तिघांचीही तपासणी अजून व्हायची आहे. आणि गावात ते गृहस्थ भेटले तर त्यांनाही विचारीन, काका, तुम्ही कधी तपासलंय का?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.